पेढीचे टपाल आणि त्याची रोजकीर्द

व्यापार हा जितका मालाचा तितकाच शब्दाचा आहे. ज्या मालाचे तोंडही पाहिलेले नाही तो शेकडो मैलांवरून केवळ पत्राच्या भरवशावर मागवावयाचा, आणि ज्याची वर्षातून एकदाही गाठ पडत नाही अशा अडत्याकडे पत्राच्याच आधाराने रक्कम पाठवावयाची, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. हुंडी, पोस्टकार्ड आणि भावाच्या चढउताराची वर्दी देणारी तार ही सर्व त्या शब्दाचीच वाहने होती. तारेची सेवा आपल्या देशात जुलै २०१३ मध्ये बंद झाली. त्यापूर्वीच, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, इंटरनेट सर्वसामान्य नागरिकांसाठी खुले झाले होते, आणि पाहता पाहता पेढ्यांचा लेखी व्यवहार ई-मेलच्या वाटेस लागला. भाव आज मोबाईलवर विचारला जातो हे खरे. परंतु सौद्याची कबुली, बिल, बिल्टीची प्रत, तपासणीचा अहवाल, बँकेची सूचना, करखात्याची नोटीस, थोडक्यात म्हणजे उद्या कोणापुढे ठेवावे लागेल असे जे जे काही, ते ई-मेलनेच येते-जाते.

आपल्या संघाच्या अनेक सभासदांनी आता पेढीच्या नावाचाच ई-मेल पत्ता घेतला आहे. काही मोठ्या पेढ्यांनी आणि डाळमिलवाल्यांनी कचेरीत स्वतःचा ई-मेल सर्व्हर ठेवला आहे, तर काहींनी ती व्यवस्था भाड्याने घेतली आहे. तिची देखभाल घरातील चिरंजीव, पुतण्या किंवा नेमलेला तंत्रज्ञ करतो, आणि मालक 'ते मुलांचे काम' असे म्हणून मोकळे होतात. हे योग्य नव्हे. रोजकीर्द दिवाणजी लिहितो म्हणून मालकाने ती वाचावयाचीच नाही असे कोणी म्हणेल काय? प्रस्तुत लेखक मॅट्रिकपर्यंत शिकलेला, धान्याचा घाऊक व्यापारी आहे. यंत्रविद्येचे शास्त्र त्यास अवगत नाही. तथापि आमच्या पेढीचा सर्व्हर सांभाळणाऱ्या तरुणाच्या शेजारी खुर्ची टाकून काही वर्षे बसल्यावर एक गोष्ट ध्यानी आली. ती म्हणजे, ही विद्या मुळात आपल्याच हिशेबनिसांची आहे. जो सर्व्हर आपली वही नीट लिहितो आणि ज्याची वही कोणीतरी वाचतो, त्याचा बिघाड सापडतो. जेथे वही वाचली जात नाही तेथे बिघाडाबरोबर माणसांची अब्रूही जाते.

पावती कोणी दिली?

ई-मेलचा इतिहास फार जुना नाही. रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने १९७१ साली एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र पाठविले आणि माणसाचे नाव व संगणकाचे नाव यांच्यामध्ये ते प्रसिद्ध 'ॲट' चिन्ह बसविले. पत्रांची देवघेव कोणत्या शब्दांत करावयाची याची नियमावली जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये प्रसिद्ध केली. तिला एसएमटीपी म्हणतात. पुढे तिच्यात सुधारणा झाल्या, परंतु गाभा तोच राहिला.

या नियमावलीतील संभाषण ऐकले तर आपणास आपला वखारीचा दरवाजाच आठवेल. एक सर्व्हर दुसऱ्याच्या दाराशी जातो आणि आपले नाव सांगतो. मग पत्र कोणाचे, कोणासाठी, हे सांगतो. समोरचा प्रत्येक वाक्यास तीन अंकी उत्तर देतो. शेवटी पत्राचा मजकूर उतरवून होतो आणि समोरचा '२५०' हा अंक उच्चारतो. हा अंक म्हणजे पावती. तो उच्चारताच पत्राची जबाबदारी पाठविणाऱ्याच्या डोक्यावरून उतरून घेणाऱ्याच्या डोक्यावर जाते. यापुढे एक तर त्याने पत्र पोहोचते केले पाहिजे, नाही तर 'पोहोचविता आले नाही' असे मूळ धन्यास कळविले पाहिजे. गुपचूप टाकून देण्याची मुभा त्यास नाही. म्हणूनच पोस्टफिक्ससारखा सुज्ञ सर्व्हर-प्रोग्राम पत्र तबकडीवर सुरक्षित लिहून झाल्याशिवाय पावती देतच नाही. पोती आत लागल्याशिवाय पावतीवर सही न करणारा वखारीचा कारकून जसा, तसाच हा.

एक पत्र वाटेत दोन-चार सर्व्हरांच्या हातून जाते. प्रत्येक सर्व्हर त्याच्या माथ्यावर आपला शिक्का मारतो: कोणाकडून मिळाले, कोणत्या क्षणी मिळाले. नवा शिक्का नेहमी वर बसतो. म्हणून प्रवास वाचावयाचा तो खालून वर. नाक्यानाक्यावर शिक्के पडलेली बिल्टी आपण जशी वाचतो तशी ही ओळ वाचता आली की, पत्र कोठे अडकले याचा निम्मा शोध लागतो. मात्र एक सावधगिरी बाळगावी. आपल्या सर्व्हरने मारलेला शिक्का भरवशाचा, आणि त्याच्या खालचे शिक्के परक्यांचे. त्यांत खोटा शिक्का असू शकतो.

'पत्र पोहोचले नाही' या तक्रारीवर पहिला प्रश्न म्हणूनच असा विचारावा, की शेवटची पावती कोणी दिली? पावती समोरच्या सर्व्हरने दिली असेल, तर शोध तिकडे करावयाचा. दिली नसेल, तर पत्र आपल्याच दारात पडून आहे.

चाराचे उत्तर आणि पाचाचे उत्तर

त्या तीन अंकी उत्तरांचा पहिला अंक मालकाने अवश्य पाठ करावा. दोनाने सुरू होणारे उत्तर म्हणजे 'घेतले'. चाराने सुरू होणारे म्हणजे 'आत्ता नको, नंतर या'. पाचाने सुरू होणारे म्हणजे 'घेणार नाही, पुन्हा येऊ नका'. समोरच्याची जागा भरली असेल तर '४५२' असे उत्तर येते. आपला सर्व्हर मग ते पत्र रांगेत ठेवतो आणि काही वेळाने पुन्हा जातो. दोन खेपांमध्ये निदान अर्धा तास जाऊ द्यावा, आणि चार-पाच दिवस तरी प्रयत्न सोडू नये, असा नियमावलीचा सल्ला आहे. उलट '५५०' आले तर बहुधा त्या नावाचा माणूसच तेथे नाही, किंवा आपले पत्र घेण्यास नकार आहे. अशा वेळी पुन्हा पुन्हा पाठविण्यात अर्थ नाही.

यावरून रांग पाहण्याची सवय किती महत्त्वाची हे ध्यानी येईल. सकाळी सर्व्हरच्या रांगेत पाच-दहा पत्रे असणे हे रोजचेच आहे. पाचशे पत्रे दिसली तर समजावे की कोठेतरी दार बंद आहे. आणि ती सर्व एकाच गावाची नसतील, तर बंद असलेले दार बहुधा आपलेच आहे. अशा वेळी यंत्र बंद करून पुन्हा चालू करण्याची घाई अनेकजण करतात. आधी वही वाचावी, मगच हात लावावा.

नावाचा फलक

पेढीचे इंटरनेटवरील नाव, ज्यास डोमेन म्हणतात, ते कायमचे विकत मिळत नाही, मुदतीने मिळते. या नावांची सार्वत्रिक सूची डीएनएस या व्यवस्थेत असते. तिची रचना पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ साली केली. 'या नावाची पत्रे अमुक सर्व्हरवर उतरवावीत' असे सांगणारी तीतील नोंद म्हणजे एमएक्स नोंद. दोन सर्व्हर असतील तर प्रत्येकास क्रमांक देतात, आणि लहान क्रमांकाच्या दारी प्रथम जावयाचे असा संकेत आहे.

सर्व्हर धडधाकट आहे, वीज आहे, तार जोडलेली आहे, आणि तरीही सकाळपासून एकही पत्र नाही, अशी तक्रार आली म्हणजे अनुभवी तंत्रज्ञ प्रथम हा फलक पाहतो. पुष्कळदा नावाची मुदत संपलेली असते. मुदतीची सूचना आलेली असते, परंतु ती तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर! नाव पेढीच्याच मालकीने नोंदविलेले असावे, तंत्रज्ञाच्या किंवा भाच्याच्या नावे नसावे. दुकानाचा परवाना आपण नोकराच्या नावावर काढतो काय?

रोजकीर्द आधी, खतावणी नंतर

मायक्रोसॉफ्ट कंपनीचा एक्स्चेंज हा सर्व्हर-प्रोग्राम १९९६ साली विक्रीस आला आणि कचेऱ्यांमधून फार पसरला. त्याच्या पोटातील व्यवस्था तरुणाने समजावून दिली तेव्हा आम्ही चकित झालो. आलेले प्रत्येक पत्र हा प्रोग्राम आधी एका क्रमवार नोंदवहीत लिहितो, आणि तेथून मागाहून मोठ्या संग्रहात ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवितो. म्हणजे आधी रोजकीर्द, मग खतावणी! मध्येच वीज गेली आणि खतावणी अर्धवट राहिली, तरी रोजकिर्दीवरून ती पुन्हा उभी करता येते. ही युक्ती आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हती असे कोण म्हणेल?

या वहीची पाने लहान असतात आणि ती भराभर भरतात. जुनी पाने केव्हा काढावयाची? संपूर्ण संग्रहाची दुसरी प्रत, जिला बॅकअप म्हणतात, ती यशस्वीपणे निघाली की प्रोग्राम स्वतःच जुनी पाने काढून टाकतो. यातच या यंत्राचा अत्यंत परिचित बिघाड दडलेला आहे. बॅकअप काही कारणाने होईनासा होतो आणि कोणी तिकडे पाहत नाही. पाने साचत जातात. एके दिवशी तबकडी भरते आणि सर्व पेढीचे टपाल ठप्प होते. गोंधळलेला मनुष्य मग जागा करण्यासाठी ती पाने हातानेच पुसून टाकतो. खतावणीवर न चढलेल्या रोजकिर्दीची पाने फाडणे म्हणजे काय, हे व्यापाऱ्यास सांगावयास नको. योग्य उपाय असा, की ती पाने तात्पुरती दुसरीकडे हलवावीत किंवा जागा वाढवावी, बॅकअप का थांबला ते शोधावे, तो पूर्ण करावा आणि मग यंत्रासच सफाई करू द्यावी.

तेहतीस डिसेंबरची गोष्ट

मोठ्या कंपन्यांच्या हातूनही हिशेबाच्या गमती होतात. १ जानेवारी २०२२ रोजी नववर्ष उजाडताच जगभरातील असंख्य कचेऱ्यांच्या एक्स्चेंज सर्व्हरांतील पत्रे रांगेत अडकून पडली. सर्व्हर चालू होते, तबकडीवर जागाही होती. झाले होते ते असे. पत्रांतील विषारी मजकूर तपासणारा जो भाग असतो, त्याच्या आवृत्तीस तारखेवरून क्रमांक देत. आधी वर्षाचे दोन अंक, मग महिना, मग दिवस, मग अनुक्रम. नव्या वर्षाचा पहिला क्रमांक झाला २२०१०१०००१. परंतु हा आकडा ज्या कोठ्यात लिहावयाचा त्या कोठ्यात २१४७४८३६४७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. २०२१ च्या अखेरपर्यंतचे आकडे मावत होते. २०२२ चा पहिलाच मावेना. तपासनीस कोलमडला, आणि तपासणीविना पत्र पुढे सोडावयाचे नाही म्हणून पत्रे थांबली.

कंपनीने जो तोडगा काढला तो हिशेबनिसांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. नव्या क्रमांकाची सुरुवात २११२३३०००१ अशी करण्यात आली, म्हणजे वाचावयास गेल्यास '२०२१ सालच्या डिसेंबरची तेहतीस तारीख'! वही तुंबली म्हणून जुने वर्ष लांबविण्याचा असा प्रसंग आपल्या बाजारात कोणी पाहिला असेल असे वाटत नाही. परंतु ज्यांनी त्या दिवशी नोंदवही उघडली त्यांना तो न मावणारा आकडा तीत स्पष्ट लिहिलेला आढळला.

तक्रारदारास हसू नये

ट्रे हॅरिस नावाच्या एका अमेरिकन अभियंत्याने आपल्या विद्यापीठातील १९९०-२००० या दशकातील अनुभव २००२ साली लिहून प्रसिद्ध केला. सांख्यिकी विभागाच्या प्रमुखांनी त्यास कळविले, की आमची ई-मेल पाचशे मैलांपलीकडे जात नाही! पत्रास मैलांची मर्यादा कशी असेल, असे म्हणून कोणीही हसले असते. परंतु ते पडले आकडेशास्त्री. त्यांनी कोठे पत्र पोहोचते व कोठे नाही याची टिपणे काही दिवस ठेवली होती. हॅरिसने स्वतः प्रयोग केला, तो खरोखरच तसे घडत होते.

शोधाअंती असे निघाले, की सर्व्हरच्या दुरुस्तीच्या वेळी सेंडमेल या प्रोग्रामची जुनी आवृत्ती बसली होती आणि सूचनांची यादी मात्र नव्या आवृत्तीची होती. जुन्या आवृत्तीस त्या सूचना उमगल्या नाहीत. म्हणून समोरच्या उत्तराची किती वेळ वाट पाहावयाची या ठिकाणी तिने शून्य धरले. प्रत्यक्षात यंत्र सेकंदाचा सुमारे तीन सहस्रांश थांबे. तेवढ्या वेळात प्रकाश जातो सुमारे नऊशे किलोमीटर, म्हणजे साडेपाचशे मैलांच्या आसपास. जवळच्या गावांकडून उत्तर तेवढ्यात येई, दूरच्यांकडून येत नसे. तक्रार विचित्र होती, पण नोंद खरी होती. आपल्या दुकानात एखादा नोकर 'अमुक अडत्याची पत्रे फक्त दुपारनंतरच येत नाहीत' असे म्हणाला, तर त्यास वेड्यात काढण्यापूर्वी दोन दिवस टिपण ठेवावयास सांगावे.

क्षमापनेची पत्रे

आपल्या समाजाशी निगडित एक उदाहरण सांगितले पाहिजे. आमच्या परिचयाच्या एका पेढीने पर्युषण पर्वानंतर क्षमापनेचे पत्र आपल्या सर्व्हरवरून एका तासात काही हजार पत्त्यांवर पाठविले. यादी जुनी होती. कित्येक पत्ते केव्हाच बंद पडले होते. अल्पावधीत हजारो पत्रे, त्यांत शेकडो मृत पत्ते, हे लक्षण जाहिरातींचा कचरा, म्हणजे स्पॅम, पाठविणाऱ्यांचे. असे सर्व्हर हेरून त्यांची काळी यादी ठेवणाऱ्या संस्था आहेत. १९९८ साली स्थापन झालेली स्पॅमहाउस ही त्यांतील प्रमुख होय. दुसऱ्या दिवसापासून त्या पेढीची बिले पाचाचे उत्तर घेऊन परत येऊ लागली. सर्वांची क्षमा मागता मागता पेढी अपराध्यांच्या यादीत जाऊन बसली!

यातून सुटावयाचे तर प्रथम कारण दूर करावे, यादीतील मृत पत्ते काढावेत, आणि मगच काळ्या यादीतून नाव वगळण्याचा अर्ज करावा. कारण तसेच ठेवून अर्ज केला तर नाव पुन्हा चढते. शुभेच्छांची मोठी टपाले पेढीच्या मुख्य सर्व्हरवरून पाठवूच नयेत. त्यासाठी वेगळी सेवा घ्यावी. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने आपल्या जीमेलकडे दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे पाठविणाऱ्यांवर सहीशिक्क्याचे कडक नियम लागू केले आहेत. ते सहीशिक्के कोणते, ते आता पाहू.

पाकीट, पत्रशीर्ष आणि मोहोर

ई-मेललाही पाकीट असते आणि आत पत्र असते. पाकिटावरचे पाठविणाऱ्याचे नाव सर्व्हर पाहतो, आतल्या पत्रशीर्षावरचे नाव आपण पाहतो. १९८२ च्या नियमावलीत ही दोन्ही नावे खरी आहेत की नाहीत हे तपासण्याची तरतूद नव्हती. त्या काळी विद्यापीठांतील परस्परांस ओळखणारी मंडळीच पत्रे लिहीत. पुढे भामटे आले, तेव्हा तीन उपाय निघाले. पेढीच्या नावाची पत्रे कोणत्या सर्व्हरांनी पाकिटावर घालून न्यावीत याची जाहीर यादी म्हणजे एसपीएफ. पत्रावर उमटविलेली, मजकुरात फेरफार होताच तुटणारी मोहोर म्हणजे डीकेआयएम. आणि या दोहोंपैकी निदान एकाचा पत्रशीर्षावरील नावाशी मेळ बसत नसेल तर पत्राचे काय करावे, याची पेढीने दिलेली जाहीर सूचना म्हणजे डीमार्क. तिन्ही नोंदी डीएनएसच्या सूचीत घालण्यास वेगळे शुल्क पडत नाही. ज्यांनी त्या घातल्या नाहीत त्यांच्या नावाने कोणीही पत्र लिहू शकतो.

तथापि हे उपाय सर्वशक्तिमान नाहीत. हे ज्या प्रकरणात दिसले ते पंच या नात्याने आमच्यापुढे आले होते. दोन्ही पेढ्यांची नावे येथे देत नाही.

एका पेढीने दुसरीकडून तूरडाळ घेतली. तीन पिढ्यांचा घरोबा. विक्रेत्याचे पत्र आले की आमचे बँक खाते बदलले आहे, नव्या खात्यात रक्कम भरावी. खरेदीदाराने सात आकडी रक्कम भरली. पंधरा दिवसांनी विक्रेत्याने पैसे मागितले. एक म्हणे 'दिले', दुसरा म्हणे 'मिळाले नाहीत'. दोन्ही घरांतील बोलणे थांबले, ठरलेल्या लग्नाची आमंत्रणेही परत गेली. विक्रेत्याने आपल्या सर्व्हरच्या नोंदवहीचा एक कागद पंचांपुढे ठेवला. कोणीतरी त्यांच्या टपालपेटीत २० वाजून ४० मिनिटांनी शिरले होते आणि खरेदीदाराची पत्रे कधी न उघडल्या जाणाऱ्या कप्प्यात परस्पर वळविण्याची सूचना करून गेले होते. रात्री पावणेनऊच्या सुमारास कचेरीत हिशेब लिहीत बसणारा एकच मनुष्य होता, त्यांचा बावीस वर्षांचा जुना कारकून. संशय त्याच्यावर गेला. त्या गृहस्थाने मान खाली घातली. स्वतःच्या बचावात काय बोलावे हेही त्यास सुचेना.

तेव्हा आमच्या तरुण तंत्रज्ञाने संपूर्ण नोंदवही मागविली. त्याने पहिलीच गोष्ट सांगितली ती ही, की एक्स्चेंजच्या या नोंदी भारतीय वेळेत नसतात, जागतिक प्रमाणवेळेत असतात. तीत साडेपाच तास मिळवावयाचे. म्हणजे ती घटना रात्री दोन वाजून दहा मिनिटांची होती. त्या वेळी कचेरीला कुलूप होते. पुढची नोंद पाहता शिरकाव परदेशातील एका जोडणीवरून झाला होता, आणि पासवर्ड म्हणजे पेढीचेच नाव व त्यापुढे एक-दोन-तीन! खोटे पत्र तर विक्रेत्याच्या सर्व्हरवरून निघालेच नव्हते. ते जवळपास तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या नावावरून आले होते. इंग्रजी 'एम' या अक्षराच्या जागी 'आर' आणि 'एन' ही दोन अक्षरे शेजारी शेजारी बसविली होती. ते नाव भामट्याने स्वतःच रीतसर नोंदविलेले असल्याने त्याचे सहीशिक्के बिनचूक होते. मोहोर खरी होती, माणूस मात्र खोटा होता.

पंचांनी निर्णय दिला. पेटीस कुलूप नीट नव्हते हा विक्रेत्याचा दोष, आणि खाते बदलल्याचे कळल्यावर ओळखीच्या जुन्या क्रमांकावर दूरध्वनी करून विचारले नाही हा खरेदीदाराचा. नुकसान दोघांनी निम्मे निम्मे सोसावे. दोघांनीही मान्य केले. कारकुनास दोन्ही पेढ्यांच्या मालकांनी सर्वांसमक्ष नमस्कार केला. नोंदवही महिनाभरापूर्वी पुसली गेली असती तर? एक निरपराध मनुष्य आयुष्यभर चोर ठरला असता, आणि दोन घरे कायमची दुरावली असती.

मालकाने विचारावयाचे प्रश्न

सर्व्हर स्वतःचा ठेवावा की भाड्याने घ्यावा, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. मार्च २०२१ मध्ये एक्स्चेंजमधील चार भगदाडे उघडकीस आली आणि दुरुस्ती बसविण्यास ज्यांनी विलंब केला अशा हजारो कचेऱ्यांत चोर शिरले. एक्स्चेंजच्या २०१६ व २०१९ या आवृत्त्यांची नियमित दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. त्या अजून वापरणाऱ्यांनी विलंब करू नये. ज्याच्याजवळ रोज लक्ष घालणारा माणूस नाही त्याने सर्व्हर भाड्याने घ्यावा हेच इष्ट. परंतु भाड्याची वखार घेतली तरी माल आपलाच असतो. म्हणून पुढील प्रश्न दोघांनीही विचारावेत.

१. पेढीचे डोमेन कोणाच्या नावावर आहे, आणि त्याची मुदत केव्हा संपते?

२. आज सकाळी रांगेत किती पत्रे होती, आणि तबकडीवर किती जागा शिल्लक आहे?

३. शेवटचा बॅकअप केव्हा पूर्ण झाला, आणि त्यातून एखादे पत्र परत काढून पाहिले काय? परत काढून न पाहिलेला बॅकअप म्हणजे न मोजलेली थैली.

४. नोंदवही किती दिवस ठेवली जाते? केंद्र शासनाच्या सर्ट-इन या संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ती १८० दिवस जतन करावयाची असते, आणि सायबर हल्ल्याची वर्दी सहा तासांत द्यावयाची असते.

५. एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क या नोंदी आहेत काय? प्रवेशासाठी पासवर्डखेरीज मोबाईलवरील दुसरा संकेत लागतो काय?

६. नोकरी सोडून गेलेल्यांच्या पेट्या बंद केल्या काय?

७. खाते बदलल्याचे पत्र आले तर दूरध्वनी कोण करील, आणि कोणत्या क्रमांकावर? तो क्रमांक त्याच पत्रातून घेऊ नये.

फसवणूक झालीच, तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवावे आणि बँकेस गाठावे. रक्कम पुढे सरकण्यापूर्वी गोठविली गेली तर ती परत मिळण्याची आशा असते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वये इलेक्ट्रॉनिक नोंदीस कायद्याची मान्यता आहे. सबब मूळ पत्र पुसू नये, त्याचे माथ्यावरचे शिक्के जसेच्या तसे राखावेत.

शेवटी सर्व सभासद बंधुभगिनींस एक नम्र सूचना. दिवाळीत वहीपूजनाच्या दिवशी आपण जुन्या वह्या बांधून ठेवतो व नव्या उघडतो. त्याच दिवशी दुपारी घरातील तरुणास बोलावून, गेल्या वर्षातील कोणतेही एक पत्र बॅकअपमधून परत काढून दाखवावयास सांगावे. अर्ध्या तासाचे काम आहे. पत्र निघाले तर त्याच्या पाठीवर हात ठेवावा. न निघाले तर रागावू नये. वर्षभराचे नुकसान सणाच्या दिवशीच कळले असे समजावे आणि लाभपंचमीस दुकान उघडण्यापूर्वी ते दुरुस्त करून घ्यावे.